मला ऐकू आलं नव्हतं

घाटंजीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, एका टेकडीवर मारियामातेचं तीर्थस्थान आहे. तिथे मी अकरा वर्षं धर्मगुरू होतो. आसपास ख्रिस्ती घरं थोडीच, पण दर शनिवारी टेकडी भरायची. नेरहून, उमरखेडहून एसटीनं लोक यायचे. हिंदू, बौद्ध, कोलाम आदिवासी, सगळेच. मेणबत्ती लावायचे, नारळ ठेवायचे, आणि मग चर्चच्या मागे कडूनिंबाखाली मी बसलेला असे, तिथे येऊन मन मोकळं करायचे. ते पापनिवेदन नसायचं. कोणाची लेक सासरहून परत आलेली, कोणाचं पोर तापानं फणफणलेलं. मी मूळचा नगरकडचा. सुरुवातीला त्यांची बोली समजायला जड जायची. ती नीट समजू लागली, आणि माझे कान गेले.

एकदम गेले नाहीत. आधी डावा गेला, मग उजवाही मंदावला. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला तिथून हलवलं असतं, आणि मला ती टेकडी सोडायची नव्हती. माणसाच्या ओठांकडे बघून मी अंदाज करू लागलो. चेहरा रडवेला झाला की हात धरायचो, बोलणं थांबलं की डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचो. गंमत अशी, की त्याच वर्षांत माझा लौकिक वाढला. मध्ये न बोलता ऐकून घेणारे फादर, असं लोक म्हणू लागले.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती आणि बोंडअळी हटत नव्हती. जिकडेतिकडे फवारणी चालली होती. पाठीवर पंप घेऊन मजूर उभ्या पिकात शिरायचे आणि औषध त्यांच्याच तोंडावर उडायचं. अशा एका शनिवारी जवळच्या गावातला एक मजूर माझ्याकडे आला. तीस-बत्तीस वर्षांचा असेल. त्याची बायको दर शनिवारी यायची, तो पहिल्यांदाच आला होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. त्यामुळे त्याचे ओठ मला दिसले नाहीत. तो बराच वेळ बोलला. डोळ्यांकडे बोट केलं, मग खाली शेतांकडे हात केला. डोळे लाल होते. मला वाटलं, डोळ्यांसाठी प्रार्थना मागतोय. शेवटी तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला. मी मान हलवली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जा बाळा, माउली तुला सांभाळेल."

तो पाया पडून गेला.

महिनाभरानं त्याची बायको आली. कपाळ मोकळं होतं. तोवर तिचं बोलणं मला तोंडाकडे बघून बरंचसं कळायचं. ती समोर बसली आणि सावकाश, एकेक शब्द बोलली.

"फादर, त्यानं तुमालेच इचारलं होतं. दोन दिवसांपासून डोये जळत होते, उलट्या होत होत्या. मी म्हणत होती, उद्या फवारणीले नको जाऊ. तो म्हणे, फादरले इचारतो, ते म्हणतील तसं करतो. तुमी जा म्हटलं, म्हणून गेला."

शेतातच पडला होता तो. यवतमाळला नेलं, पाचव्या दिवशी संपला.

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. उलट तिनं माझे हात धरले. "मले तेवढंच समाधान आहे. आपल्या मनानं नाही गेला तो. देवाच्या माणसाले इचारून गेला."

ती मेणबत्ती लावून निघून गेली.

त्याच आठवड्यात मी बिशपांकडे गेलो आणि सेवेतून मोकळं करा म्हणालो. कानांचंही सांगितलं, त्या माणसाचंही. ते म्हणाले, कानाला मशीन लावा आणि राहा. मी नाही म्हटलं. मग मी विचारलं, "त्या बाईला खरं सांगू ना?"

त्यांनी कागदावर लिहून मला दाखवलं, नीट कळावं म्हणून. 'हे ओझं तुमचं आहे. तिच्या डोक्यावर देऊ नका.'

मी ऐकलं नाही. निरोपाच्या मिस्सेला, म्हणजे टेकडीवरच्या माझ्या शेवटच्या उपासनेला, दोन दिवस उरले होते. मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात सरपणासाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचत होती. खाटेवर पोतं अंथरून तिनं मला बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगून टाकलं. की मी बहिरा आहे, की त्या दिवशी त्याचा एक शब्दही मला ऐकू आला नव्हता, की ते 'जा' म्हणजे जबाब नव्हता.

ती उभीच होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे त्यानं इचारलं, अन् कोणी आयकलंच नाही?"

"नाही."

"मंग मले काहून सांगून राह्यले, फादर? मी तं त्याच्यावरच जगून राह्यली होती."

मी क्षमा मागितली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा पऱ्हाट्या रचायला लागली, आणि मी उठून आलो.

निरोपाच्या शनिवारी टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शाल दिली, हार घातले. एका गुरुजींनी भाषणात माझ्या ऐकून घेण्याचं कौतुक केलं असावं, कारण बायका डोळे पुसत होत्या. मला राहवलं नाही. माइक घेऊन मी सांगितलं, की तीन वर्षं मला तुमचं काहीच ऐकू येत नव्हतं, मी तुम्हाला फसवलं. त्या मजुराचं मात्र सांगू शकलो नाही. ते आता तिचं होतं.

लोक चिडतील असं वाटलं होतं. पण उमरखेडकडची एक म्हातारी पुढे आली आणि माझ्या उजव्या कानाशी ओरडून म्हणाली, "आमाले मालूम होतं, फादर! आमाले तं फक्त सांगाचं होतं. जवाब कोणाले पाहिजे होता?"

सगळे रडत रडत हसले. मला हसता आलं नाही. त्या एकालाच जबाब हवा होता, आणि तो पहिल्यांदाच आलेला, त्याला माझं बहिरेपण ठाऊक नव्हतं.

ती आली नव्हती. मिस्सा संपेपर्यंत मी दरवाजाकडे बघत होतो.

आता मी नागपूरला, निवृत्त धर्मगुरूंच्या घरी असतो. दोन्ही कानांना मशीन आहे. पापनिवेदनाला मी बसत नाही, कोणी गळ घातली तरी. टेकडीवरचे नवे फादर फोन करतात, तेव्हा मी तिची चौकशी करतो. ती वेचणीला जाते म्हणतात, तब्येत बरी आहे. टेकडीवर मात्र त्यानंतर ती कधी चढली नाही. मी तिला दोन पत्रं लिहिली, पैकी एकाचंही उत्तर आलं नाही.

खरं बोलायला हवंच होतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही कधीकधी वाटतं. पण बहुतेक दिवशी वाटतं, की बिशपांचं बरोबर होतं.