पंपावरचा माणूस

समोरची प्रेमिला बसते, पण पायातली चप्पल काढत नाही. चहाला बोलावलं की कप हातात घेऊन ती आमच्या फाटकापर्यंत जाते, परत येते, एक घोट घेते आणि पुन्हा फाटकाशी. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीच्या टोकाशी मोठा रस्ता आहे. त्यावरून आगीचा बंब गेला की तिचं बोलणं अर्ध्यावर तुटतं. आवाज कळमन्याच्या बाजाराकडे वळला की दुसरीकडे, हे कळेपर्यंत ती तुमच्याकडे बघत असते, पण तुम्ही तिला दिसत नसता.

तिचा नवरा रुपराव फायरमन आहे. मी एकदा म्हटलं, "अगं, इतकी वर्षं झाली. आता सवय व्हायला हवी होती."

"सवय कायची होते ताई? दातदुखीची होते का सवय कोणाले?"

रुपराव मात्र एकदम थंड माणूस. घरी आला की बूट दाराबाहेर काढतो आणि कोणी विचारायच्या आत सांगतो, "कचरा जळून राहिला होता." दिवाळीत कचरा, होळीला कचरा, मे महिन्यात तर काय, कचराच कचरा. नागपुरात दुसरं काही जळतच नाही असं वाटावं.

याची सुरुवात त्यांच्या मुलीपासून झाली. उन्नती लहान असताना बंबाचा आवाज आला की ताट दूर सारायची. बाप ड्यूटीवर निघाला की त्याच्या पायाला मिठी मारून बसायची. एक दिवस रुपरावनं तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "अवं बेटा, मी आगीत जातच नाही. मी पंपावर राहतो, गाडीजवळ, बाहेर. पाणी सोडणं एवढंच माह्यं काम." पोरीनं डोळे पुसले आणि वरणभात खाल्ला. त्या दिवसापासून रुपराव पंपावर आहे. ती मोठी झाली, कॉलेजात गेली, पण बाप पंपावरच राहिला. लहानपणी जे मनात पक्कं बसतं, ते मोठेपणी कोण उकरून बघतं?

उन्नती नर्सिंगला आहे. खाजगी कॉलेज. पहिल्या वर्षाची फी प्रेमिलाच्या गळ्यातून गेली, आता तिथे काळी पोत तेवढी उरली आहे. दुसऱ्या वर्षाची फी कॉलेज उघडायच्या आत भरली नाही तर जागा जाणार, हे कॉलेजनं स्पष्ट सांगितलं होतं. मग धरमपेठेतल्या एका संस्थेचं कळलं. आगीत, अपघातात धावून जाणाऱ्यांच्या मुलांची कॉलेजची फी ती संस्था भरते. अर्ज गेला. पालकासोबत भेटायला या, असा निरोप आला.

रुपरावनं शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. पण मे महिना. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या आणि तो सकाळीच निघून गेला. प्रेमिला धावत माझ्याकडे आली.

"ताई, तुम्ही चाला बाप्पा. मले तिथं बोलता नाही येत."

"तुला फक्त सोबत बसायचंय. बोलायचं उन्नतीनं."

"बसायचंच तर नाही जमत मले," ती म्हणाली. ते मात्र खरं होतं.

संस्थेच्या खोलीत कूलर घरघरत होता. सुमंत साहेब म्हणून एक वयस्कर गृहस्थ, मऊ आवाजाचे. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. उन्नती बसली, मी बसले. प्रेमिला मुलीच्या खुर्चीमागे उभी राहिली.

गुण, कॉलेज, होस्टेल नको का, असं सगळं विचारून झालं. उन्नती नीट उत्तरं देत होती. मग त्यांनी विचारलं, "वडील नेमकं काय काम करतात?"

"पंप सांभाळतात सर." उन्नती हसली. "ते आत नाही जात. गाडीजवळ असतात. अन् जास्त करून कचऱ्याच्याच आगी असतात."

किती मनापासून बोलली पोर! खोटं बोलून फी मिळवायची नाही, असं तिला घरीच शिकवलेलं.

सुमंत साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "बेटा, तू खरं सांगितलंस, बरं वाटलं. पण यंदा जागा थोड्या आहेत. जे आत जातात, ज्यांच्या जिवावर बेततं, त्यांच्या मुलांना आम्ही आधी घेतो. पुढच्या वर्षी पुन्हा ये." मग मागे बघून म्हणाले, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

खुर्चीच्या पाठीवर प्रेमिलाची बोटं पांढरी पडली होती.

"नाही," ती म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. पुढचं वर्ष कुठून येणार होतं? जागा तर याच वर्षी जाणार होती. उन्नती ओढणीचं टोक चुरगाळत जिना उतरत होती. प्रेमिला माझ्या पुढे होती. अर्ध्यावर थांबली, वर पाहिलं, दोन पायऱ्या उतरली आणि एकदम वळून मला धक्का देत वर धावली. आम्ही पोचेपर्यंत तिनं दार ढकललं होतं. आत दुसरे कोणी बसले होते, त्यांच्या डोक्यावरूनच तिनं सुरू केलं.

"साहेब, पोरगी खोटी नाही बोलून राहिली. तिले घरी तसंच सांगितलं आहे. ह्यायनं सांगितलं अन् मी चूप राहिली."

"म्हणजे?"

"कपडे मी धुतो नं साहेब. पंपावरच्या माणसाचे गुडघे काहून काळे होतीन? कोपरं काहून फाटतीन? धुराखालून रांगत जा लागते तेव्हाच होते तसं. दर पँटीले मी गुडघ्यावर ठिगळं लावतो. ह्यायले वाटते बायकोले समजत नाही. मी बी समजू देत नाही."

उन्नती दारात उभी होती. प्रेमिलानं तिच्याकडे पाहिलंच नाही.

सुमंत साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "त्यांच्या अधिकाऱ्यांना मी विचारलं तर चालेल?"

"विचारा नं."

त्यांनी तिथेच फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "हो, रुपराव... अच्छा. नेहमी पुढेच?... मिरचीच्या गोदामात? ... दोघं?... खांद्यावर?... नाही, घरच्यांनी हे काही सांगितलं नाही." मग बराच वेळ नुसतं "हं, हं".

फोन ठेवून ते म्हणाले, "कळमन्याला मिरचीच्या गोदामाला आग लागली होती तेव्हा दोन हमालांना त्यांनी बाहेर काढलं. तुम्ही का नाही सांगितलंत?"

प्रेमिला खाली बसली. त्या खोलीत पहिल्यांदाच.

"मिरचीचं माहीत होतं," ती हळू म्हणाली. "कपडे धुऊन माह्ये हात दोन दिवस जळले. माणसायचं नाही माहीत."

परतीच्या ऑटोत उन्नती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुला सगळं माहीत होतं."

"हो."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तू जेवाले लागली होती नं बाई."

संध्याकाळी रुपराव आला तो तणतणतच. स्टेशनवर त्याची चांगलीच फिरकी घेतली होती. "काय गा रुपराव, आज तुले तुया बायकोनं पंपावरून उतरवलं म्हणते," असं त्याला जो तो म्हणत होता. मी पोह्यांची ताटली परत द्यायला गेले होते आणि नेमकी मध्ये सापडले.

"पोरीले काहून सांगितलं वं? आता ती रोज भिईन."

"फी पाहिजे होती."

"मी कर्ज काढलं असतं."

"अन् ते दोन माणसं? मले बी नाही सांगितलं?"

"तू तरी कुठं सांगितलं, का पँटीचे गुडघे पाहतो म्हणून?"

तेवढ्यात उन्नती आतून आली. डोळे सुजलेले, पण आवाज वॉर्डातल्या सिस्टरसारखा. "पप्पा, शर्ट काढा."

"अवं काही नाही..."

"या वर्षी जळालेल्यांच्या वॉर्डात ड्यूटी आहे माझी. काढा म्हटलं ना."

मी ताटली ओट्यावर ठेवून निघून आले.

फी मंजूर झाली. संस्थेनं ती थेट कॉलेजात भरली, जागा राहिली. प्रेमिलानं गल्लीत पेढे वाटले, तेही जवळजवळ पळतच.

पण आता त्या घरात बंबाचा आवाज दोघींना ऐकू येतो. परवा सांजेला मी तुळशीला दिवा लावत होते. समोर उन्नती त्यांच्या घराच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. मोठ्या रस्त्यावरून एक बंब गेला, पाठोपाठ दुसरा. उन्नती पुस्तक मिटून उठली आणि फाटकाकडे निघाली. स्वयंपाकघरातून प्रेमिला ओल्या हातानं बाहेर आली.

"तू कुठं?"

"बघते फक्त."

"बस तिथं. फी तुले वाचाले भेटली आहे. पाहाले मी आहो."

उन्नती बसली, पण तोंड रस्त्याकडे. प्रेमिला फाटकाशी जाऊन उभी राहिली आणि मागे न वळताच म्हणाली, "मोठ्यानं वाच. मले आयकू आलं पाहिजे."

उन्नती वाचू लागली. सगळं इंग्रजीत. प्रेमिलाला त्यातलं काही कळत नसणार. तिसरा बंब गेला तशी उन्नतीनं पुस्तकातून मान वर केली.

"वाच नं वं," फाटकातून प्रेमिला म्हणाली. "काहून थांबली?"