हिंग, खळ आणि कपाटाची किल्ली

माझ्या पोटाचं काय चाललंय, हे आमच्या मानवतच्या गल्लीत माझ्या आधी दुसऱ्यांना कळायचं.

लग्नानंतर मी पार वाळले. खाल्लं की पोट फुगायचं. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "हिला गहू सोसत नाही. कणकेचा कणही पोटात जाऊ देऊ नका." आता आमच्याकडं रोजची ज्वारीची भाकरी, पोळी फक्त सणाला. म्हणजे डॉक्टरांनी माझे नेमके सणच काढून घेतले!

पण सासूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळतात, म्हणून अडगळीतलं जातं काढून स्वतः दळायला बसल्या. माझा तवा वेगळा, पीठ मळायची काटवट वेगळी. (त्या तव्याला हात लावला म्हणून आमच्या ह्यांनी उलथन्याचा मार खाल्लाय. शाळेत हे मास्तर, पण घरात कोण विचारतंय!) एवढं करूनही पोट अधूनमधून ढोलासारखं व्हायचंच.

"सुमन, खरं सांग. चोरून पोळी खायलीस का?"

"न्हाई ओ आत्याबाई! तुमची शपथ!"

"माझी कशाला घेतीस? मला अजून जगायचंय!"

आणि पोट फुगलं की त्यांचं एकच औषध: हिंग! ताकात हिंग, वरणात हिंग, बेंबीवर हिंगाचा लेप. मी अंधारातसुद्धा वासावरून ओळखू यायचे.

महालक्ष्म्या आल्या. पुरणपोळ्या झाल्या, आणि सासूबाईंनी पोळ्यांची दुरडी जाळीच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली कमरेला. सवाष्णींच्या देखत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि माझं मेलं पोट, त्यानं तरी दम धरावा की न्हाई? संध्याकाळी पुन्हा टम्म!

"अगं, कुलपातून खाल्लीस का काय!" म्हणत त्यांनी भरपूर हिंग पाण्यात कालवला, चुलीवर ठेवला आणि शेजारणीशी बोलत बसल्या. हिंग आटून घट्ट झाला. तेवढ्यात हे आले. गणपती मंडळाच्या कार्यक्रमाचा कागद मांडवाबाहेर चिकटवायचा होता. चुलीवर आयती खळ दिसली. उचलली आणि गेले!

आरतीला आलेली माणसं देवाकडं कमी आणि इकडंतिकडंच जास्ती बघायली. "फोडणी कुठं चाललीय ओ?"

वास धरून सासूबाई त्या कागदापर्यंत पोचल्या. नखानं ओढून बघितला. तो जागचा हलेना!

"दत्ता, ही खळ कुठली?"

"तूच तर केलीस की आई. चुलीवर होती."

"मुडद्या, तो सुमनचा हिंग होता!"

"हिंग? मग त्यात कणीक हाय. कणकेबिगर असं चिकटतंय व्हय?"

सासूबाईंचा चेहराच उतरला. तशाच हिंगाची डबी घेऊन किराणा दुकानात. शेटजी हसले. "मावशी, हा बांधणीचा हिंग. कणीक असतीच की त्यात. निव्वळ हिंग कोणाला सोसतोय!"

त्या घरी आल्या. डबी मोरीत रिकामी केली. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"घे. पोळ्यांची राखण आता तूच कर. या घरात पोळी न खाणारी तूच एकटी."

त्या दिवसापासून अख्ख्या घराच्या वरणातून हिंग गेला तो गेलाच. थोड्याच दिवसांत मी अशी भरले, की चोळ्या उसवाव्या लागल्या!

दसऱ्याला मी मोठ्या तोऱ्यात पोळ्या कुलपात ठेवल्या. पानं मांडली, आणि किल्ली सापडेना! सासरे, दीर, पोरं, सगळे ताटकळले. मी रडकुंडीला आले. सासूबाईंनी माझी काटवट ओढली आणि भाकरी थापायला बसल्या. सगळ्यांनी सणाच्या दिवशी माझ्यासंगं भाकरी खाल्ली. आजवर मी तशी गोड भाकरी खाल्ली न्हाई.

किल्ली? ती सापडली दिवाळीची साफसफाई करताना, हिंगाच्या रिकाम्या डबीत. आता त्या डबीत कोणीच हात घालणार न्हाई, म्हणून शहाणपणानं मीच ठेवली होती!