सुनंदाचा कॉम्प्युटर आणि माझी वीजबचत

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ द्या, हसालच तुम्ही. आमच्या बिल्डिंगमधले अजून हसतात, मग तुम्हीच कशाला मागं राहता? चहा तेवढा संपवा आधी, नाहीतर ठसका लागेल.

तर आता काय सांगू, आमच्याकडं एक कॉम्प्युटर आला आणि माझी सगळी हुशारी चव्हाट्यावर आली!

झालं असं, की माझी बायको सुनंदा गणिताची शिक्षिका. गणित शिकवावं तर तिनंच. पण तिच्या शाळेतले वर्ग कमी झाले आणि तिची नोकरी गेली. काही महिने बाई घरात गप्प गप्प. भाकरी थापतानासुद्धा तोंडातनं शब्द नाही. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, "अहो, मी ऑनलाईन शिकवणी घेते. आपल्याला एक कॉम्प्युटर घ्यायला लागेल."

तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड दिसला म्हणून सांगू! मी म्हणालो, "घेऊ की! माझ्यावर सोड."

इथंच चुकलं. माझ्यावर सोडायलाच नको होतं.

कारण मला एक रोग आहे. वीज वाचवायचा. घरात कुठं दिवा फुकट जळताना दिसला, की माझा जीव तिकडं जळायला लागतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकवत नाही, एवढी तापते. तरी मी खोलीतनं बाहेर पडताना पंखा बंद करणार म्हणजे करणार. पाहुणे आत बसलेले असले तरी!

कॉम्प्युटर घ्यायच्या आधी मी भरपूर व्हिडिओ बघितले. कॉम्प्युटरचा कोणता डबा किती वीज खातो, कोणता पडदा किती खातो, सगळं तोंडपाठ. मग शुक्रवार पेठेत नझीरभाईंच्या दुकानात गेलो. नझीरभाई म्हणजे सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "साब, करना क्या है इसपे?"

"गणित शिकवायचंय."

"फिर बडा डब्बा नक्को. ये छोटा लेके जाव. एसएसडीवाला है, झटकन चालू होता. लाईट भी कम खाता."

'लाईट कम खाता' ऐकलं आणि मी त्या छोट्या डब्याला लेकरासारखं छातीशी धरून, पडदा आणि कॅमेरा रिक्षात टाकून घरी आणलं.

आणल्या आणल्या माझे प्रयोग सुरू. पडद्याचा उजेड इतका कमी केला, की सुनंदाला त्यात गणित दिसेना, स्वतःचंच तोंड दिसायला लागलं. मग मी स्क्रीन सेव्हर लावला. नावातच 'सेव्हर' आहे म्हटल्यावर वाचवतच असणार की काहीतरी! पडद्यावर रंगीत मासे फिरायला लागले. सुनंदा थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "अहो, पडदा तर चालूच आहे. या माशांना पोहायला वीज लागत नाही का?"

मी मासे काढले. 

आधी कॉम्प्युटर बेडरूममध्ये होता. पण तिथं नेटवर्क नीट येत नव्हतं. सुनंदा चार दिवस माहेरी पंढरपूरला गेली, तेव्हा मी टेबल उचलून हॉलमध्ये खिडकीजवळ आणलं. वायर टीव्हीच्या मागनं नेली आणि तिथं भिंतीवरच्या बोर्डात एक जागा मोकळी होती, तिच्यात घातली. टापटीप काम. वायर कुणाला दिसायचीसुद्धा नाही.

पुढं मलाच दिसली नाही, ही गोष्ट वेगळी.

सुनंदा परत आली, खूश झाली, सरावाला बसली. आणि पहिल्याच संध्याकाळी आरोळी आली, "अहो! बंद पडला!"

मी स्वयंपाकघरातनं धावत आलो. पडदा काळा. डब्याचं बटण दाबलं, परत दाबलं. काही नाही. मेल्यासारखा गप्प. डबा काखोटीला मारून मी नझीरभाईंकडं. त्यांनी वायर लावली, बटण दाबलं आणि चालू! गरीब गाईसारखा गुमान चालतोय.

"साब, मशीन एकदम बराबर है."

घरी आणला. टीव्हीवर बातम्या लावल्या, कॉम्प्युटर जोडला, चालू झाला. मी म्हणालो, "बघ, नझीरभाईंच्या हाताला गुण आहे."

दोन दिवसांनी परत तेच. चालता चालता खट्टकन बंद. परत दुकान, परत चालू. सुनंदा रडकुंडीला आली. म्हणाली, "एक कळत नाही. तुम्ही ऑफिसला गेलात की हा दिवसभर मस्त चालतो. तुम्ही घरी आलात की बंद पडतो."

आता शहाण्या माणसाला एवढं पुरे होतं की नाही? पण मी म्हणालो, "अगं, संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचा लोड येतो. आणि या छोट्या डब्यात दमच नाही."

गेलो नझीरभाईंकडं. म्हणालो, "मला मोठा डबा द्या. जास्त वॅटचा." त्यांनी कपाळाला हात लावला. "साब, बडी टाकी बिठाने से नल को ज्यादा पानी आता क्या? तुमारे काम को ये बस है. घर की लाईन देखो पहले."

"घरची लाईन मी रोज बघतो," मी ताठ मानेनं म्हणालो. शेवटी त्यांनी कंटाळून एक यूपीएस दिला. म्हणाले, लाईट गेली तरी याच्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालेल, आणि हा ओरडून सांगेल.

"ओरडला तर काय करायचं?"

"ओरडा तो देखना, लाईट कायको गई!"

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष यूपीएसवरच्या हिरव्या दिव्याकडं होतं. हा दिवा दिवसभर जळणार का, या चिंतेत होतो मी. घरी येऊन यूपीएस टेबलाखाली ठेवला, त्याच वायरीवर जोडला.

आणि मग आला रविवार. सुनंदाचा पहिला वर्ग! मुलं तर बसणारच होती, पण त्यांच्या घरचेही ऐकणार होते आणि मग ठरवणार होते, शिकवणी लावायची की नाही. एक घर पुण्याचं, एक लातूरचं, आणि अक्कलकोटकडचे एक आजोबा आपल्या नातीला घेऊन बसलेले. सुनंदानं ठेवणीतली इरकल नेसली होती. पदर तीनदा सारखा केला तिनं. मला म्हणाली, "तुम्ही बेडरूममध्ये बसा. बाहेर येऊ नका. आवाज करू नका."

बसलो. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्याची हाफपँट. पंखासुद्धा बंद केला, म्हटलं त्याचा आवाज जायला नको. बाहेरनं तिचा आवाज येत होता. काटकोन त्रिकोण शिकवत होती. काय सांगू तुम्हाला, असा आवाज मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता! खणखणीत. मुलं उत्तरं देत होती, ती "शाब्बास!" म्हणत होती. मला आत बसून भरून आलं.

भरून आलं आणि घसा कोरडा पडला. पंखा बंद, मार्च संपत आलेला. म्हटलं, चोरपावलांनी जाऊन पाणी पिऊन येऊ. आवाज तर करायचाच नाही.

निघालो. सुनंदाची पाठ माझ्याकडं. भिंतीला घासत, श्वास रोखून, मांजरासारखा चाललो होतो. आणि टीव्हीजवळ आलो, तर काय? टीव्हीच्या कोपऱ्यात तो बारका लाल दिवा जळतोय! टीव्ही बंद, आणि दिवा चालू! फुकट!

हात आपोआप गेला हो. रोज जातो तसा. भिंतीवरचं बटण खाली.

त्याच क्षणी टेबलाखालनं यूपीएस किंचाळला. कुंई! कुंई! कुंई!

सुनंदानं दचकून मागं बघितलं. हातवारे करत कुजबुजली, "बंद करा ते! बंद करा!"

आज्ञाधारक नवरा मी. रांगत टेबलाखाली शिरलो आणि यूपीएसचं बटण दाबून धरलं. आवाज बंद झाला.

कॉम्प्युटरही बंद झाला.

घरात अशी शांतता पसरली, की खालच्या रिक्षाचा हॉर्नसुद्धा मला दिलाशासारखा वाटला. सुनंदा माझ्याकडं नुसती बघत होती. त्यापेक्षा लाटणं परवडलं असतं.

मग तिनं झटकन मोबाईल घेतला आणि त्याच्यावरनं वर्गात शिरली. आवाज स्पीकरवर. आणि पलीकडनं पहिला आवाज आला तो अक्कलकोटच्या आजोबांचा. घाबराघुबरा.

"बाई! वो बाई! बऱ्या हाव न्हवं तुमी?"

"हो आजोबा. जरा लाईट गेली होती."

"लाईट न्हाय वो! तुमच्या मागनं एक माणूस आला की! बनेलवर! भिताडाला चिकटून आला, त्यानं आदी भिताडावरचं बटन दाबलं, मंग तुमच्या टेबलाखाली घुसला! चोर हाय चोर! अजून हाय का घरात? पोलिसास्नी फोन लावू का?"

पुण्याच्या कुणा आईचा आवाज आला, "हो ना, आम्हीपण बघितलं! आमचा माईक बंद, आणि माझा मुलगा तर ओरडत होता, टीचर, मागे बघा, मागे बघा!"

मी अजून टेबलाखालीच होतो. तिथनं मान वर केली, तर टीव्हीमागनं येणारी ती कॉम्प्युटरची वायर दिसली. माझ्याच हातानं लावलेली. डोळ्यांनी तिच्या मागं मागं गेलो, तर सरळ त्या बटणापाशी पोचलो. टीव्हीला आणि कॉम्प्युटरला मिळून ते एकच बटण! रोज संध्याकाळी घरी आल्यावर जे बटण मी मोठ्या अभिमानानं बंद करत होतो आणि सकाळच्या बातम्यांना परत चालू करत होतो, तेच!

"बाई, सांगा की! कोन हाय त्यो?"

सुनंदानं डोळे मिटले. एक मोठा श्वास घेतला.

"आजोबा, ते आमचे हे आहेत."

"मालक हायती?" आजोबांचा आवाज एकदम खाली आला. "मंग आसं का करत्यात?"

"वीज वाचवतात."

आणि मग जो हशा उठला म्हणता! पुणे, लातूर, अक्कलकोट, सगळे एकदम. मुलं तर थांबेचनात. मी डोळे घट्ट मिटून घेतले. म्हटलं, गेली शिकवणी. माझ्यामुळं गेली. पण डोळे उघडून बघतो, तर सुनंदाही हसत होती. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसत होती. सकाळपासूनची तिची सगळी भीती त्या हसण्यात वाहून गेली. मग तिनं मोबाईल डब्याला टेकवून उभा केला आणि उरलेला धडा असा काही शिकवला, की मी टेबलाखालनं बाहेर यायचंच विसरलो. काटकोन त्रिकोण मला पहिल्यांदा कळला, तोही रांगत!

दुपारपर्यंत तिन्ही घरांचे होकार आले. आजोबांनी तर शेजारच्या दोन मुलींची नावंही दिली. आता रोज संध्याकाळी वर्ग भरतो. कॉम्प्युटरला स्वतंत्र बोर्ड आहे, आणि मला घराबाहेर जिन्यात एक खुर्ची आहे. आजोबा एकही वर्ग चुकवत नाहीत. सगळी मुलं जमली, की सुनंदानं 'चला, सुरू करू' म्हणायच्या आत त्यांचा आवाज येतो, तो बंद दारातनं मला जिन्यात ऐकू येतो:

"थांबा बाई, आदी बगून या. दाराला कडी लावल्याय न्हवं?"