खांडीपलीकडची हजेरी

तस्नीम मुकादम पाण्याला भिते, हे तिनं कधी लपवलं नाही. पेण शहरात वाढलेली बाई. खाडी तिनं पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. आणि नशीब बघा, नोकरी लागली ती वडखळच्या पुढं, पार खाडीच्या पोटातल्या शाळेत. बांधापर्यंत रिक्षा, पुढं पायी. त्या बांधाला पावसाळ्यात खांड पडली, हे भलंमोठं खिंडार, आणि ते बुजवायला अजून कोणाला मुहूर्त सापडला नव्हता. ओहोटीला तिथून घोटाभर चिखलातनं जाता येई. उधाणाच्या भरतीला मात्र पाणी असं ओढीनं आत घुसे, की बाप्या माणूससुद्धा थांबे.

थांबणं ही तिथली रीतच होती. अलीकडच्या मिठागरावर राहणारी पोरं बांधावर बसून राहत, तस्नीमबाई त्यांच्यात बसे, पाढे तिथंच म्हणून घेई. पाणी उतरलं की सगळी वरात पलीकडं शाळेत. अशा दिवशी शाळा संध्याकाळी उशिरा सुटे. कोणाचं काही अडलं नव्हतं.

मग शिक्षकांच्या हजेरीचा टॅब आला. शाळेच्या हद्दीत उभं राहून साडेदहाच्या आत त्याला आपलं तोंड दाखवायचं, नाहीतर गैरहजर. कारण द्यायची सोय होती, पण ठरलेल्या कारणांतून: रजा, प्रशिक्षण, बैठक, निवडणुकीचं काम. भरती त्यात नव्हती. कुठून असणार? हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या कचेरीत पाणी येतं ते फक्त कूलरमध्ये.

केंद्रप्रमुख प्रविण सर माणूस वाईट नव्हते. “मॅडम, मला कळतं हो, पण त्या डब्याला कोण सांगणार? तुमच्या नावापुढं दोनदा गैरहजेरीचं लाल झालंय. तिसऱ्यांदा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. कायम व्हायच्या तोंडावर कशाला विषाची परीक्षा?”

तस्नीमनं घरी नवऱ्याला, उबेदला, यातलं काही सांगितलं नाही. आखातातली कंपनी बंद पडून तो परत आल्यापासून घर तिच्या नोकरीवर चाललं होतं. पण सरांनी बजावल्यापासून टॅब नुसता थरथरला तरी ती हातातलं काम टाकून बघायला धावायची.

आणि उधाणाचा दिवस उजाडलाच. बांधावर पोरं नेहमीसारखी बसली होती. समोर खांड तुडुंब, पलीकडं शाळेचं कौलारू छप्पर, आणि हातातल्या टॅबवर साडेदहा जवळ येत चाललेले. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते हेच. तिनं टॅब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, ओढणीनं डोक्यावर घट्ट बांधला. “इथंच बसायचं, हलायचं नाय,” पोरांना बजावलं, आणि बिस्मिल्ला म्हणून ती पाण्यात उतरली.

गुडघा बुडाला, मग कंबर. पायाखालचा चिखल सरकत होता. पाणी तिला आतल्या शेताकडं ओढत होतं. जीव मुठीत धरून ती एकेक पाऊल टाकत होती आणि मनात एकच होतं: आणखी थोडं, फक्त आणखी थोडं. पलीकडं खिचडी शिजवणारी बायजाबाई चूल पेटवायला आली होती. “नको गो बाय, फिर!” ती ओरडत होती. तस्नीमनं तिकडं बघितलंच नाही.

मग बायजाबाईचा आवाज एकदम बदलला. “बाई, मांगं बग!”

तिनं वळून पाहिलं. दुसरीतली दिपिका छातीभर पाण्यात होती. डोक्यावर दप्तर, बाईंनी टॅब बांधला होता तसंच फडक्यानं बांधलेलं. तिच्या मागं बाकीची पोरं रांगेनं उतरत होती.

तस्नीम कशी परतली ते तिचं तिला माहीत. दिपिकाचा पाय सुटला तेव्हा दंड हाती लागला, एवढंच. ओरडून, ढकलून तिनं एकेकाला बांधावर चढवलं. मग डोक्यावरची पिशवी सोडली. टॅब कोरडा होता. वेळ टळली होती आणि तिच्या नावापुढं लाल पडलं होतं.

तिनं दिपिकावर हात उगारला. मग तो तसाच खाली घेतला.

“कोणी सांगितलं होतं गो उतरायला?”

“तुम्ही उतरलात ना,” दिपिका म्हणाली. केसांतलं पाणी निथळत होतं आणि पोरगी चक्क हसत होती. “आये म्हणते, भरतीच्या पाण्यात जायचं नाय. उगाच घाबरवते. मला आता भीती नाय वाटत, बाई.”

तस्नीमनं तिला जवळ ओढून घट्ट धरलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण भरती उद्याही होती, आणि या पोरीची भीती आज गेली होती. ती भीती आता परत कशी घालायची, ते काही केल्या तिला सुचेना.