संडास धुवायची बारी

मैत्रिणींनो, आज दुपारी देवळीला आमच्या जुन्या शाळेचा मेळावा झाला. मी आणि माझे हे एकाच वर्गातले. भाषण अर्थात यांचं.

सत्तरच्या दशकात आमच्या शाळेत सफाई हा विषयच होता. बारी आली की मुलगा असो की मुलगी, संडास धुवावाच लागे. पहिली बादली गुरुजी स्वतः ओतायचे. यांनी ते सगळं रंगवून सांगितलं. शेवटी म्हणाले, "हातानं शिकलेलं माणूस जन्मात विसरत नाई!"

टाळ्याच टाळ्या. मीही वाजवल्या, कारण यांची बारी असली की फरशी खरंच चकाचक असायची.

घरी आलो. हे पंख्याखाली आडवे झाले. मी पदर खोचला आणि संडास धुवायला घेतला.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "माह्या भाषणाचा व्हिडिओ पाह्यला काय वं?"

"पाह्यला. उठा आता, आज बारी तुमची."

हे खो खो हसले. त्यांना गंमत वाटली. मला मात्र ब्रश हातात धरून तिथंच बसावंसं वाटलं, इतकी थकले होते.

लग्न झाल्यापासून माझीच बारी चालू आहे. तुमच्या घरी आज कुणाची होती?