व्हायकिंगांच्या चुका काढणारी बाई

डॉ. दीपमाला खंडारेने बटाट्याविरुद्ध पहिली तक्रार लिहिली तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि पुण्यातल्या तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होती. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर कोणी नाही. मेहकरजवळच्या एका गावातून ती बाविसाव्या वर्षी पुण्यात आली. तोवर तिने समुद्र पाहिला नव्हता. पुढे याच बाईने कोकणातल्या जुन्या बंदरांवर आणि गलबतांवर पीएच.डी. केली. गावाने त्या पदवीचं कौतुक केलं, पुण्याने केलं नाही. पुण्यात इतिहासाचे डॉक्टर पेठेगणिक सापडतात, आणि ज्यांच्याकडे पदवी नाही ते त्यांच्या चुका काढायला मोकळे असतात.

शनिवार पेठेत एका बँकेच्या वरच्या मजल्यावर दिग्विजय मोहित्यांचा कॉमिक्सचा स्टुडिओ होता. परदेशात व्हायकिंगांवरची, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या नॉर्वेकडच्या दर्यावर्दींवरची, एक टीव्ही मालिका जोरात चालली होती. तिच्यावर बेतलेलं कॉमिक दर महिन्याला निघायचं. गोष्ट तिकडचा लेखक लिहायचा, चित्रं इथे काढली जायची. मालिकावाल्यांनी अट घातली, की इतिहासाचा कोणीतरी जाणकार ठेवा. गलबतांवर पीएच.डी. म्हटल्यावर दिग्विजयने दीपमालाला बोलावून घेतलं. बोट ती बोट, कोकणातली काय नि नॉर्वेतली काय!

पण ही बाई कामचुकार नव्हती. तिने तीन महिने व्हायकिंगांवर मिळेल ते वाचून काढलं, मालिकेचे सगळे भाग वही घेऊन पाहिले, आणि मग एकेक पान भिंगाखाली घ्यायला सुरुवात केली. नायकाच्या डाव्या गालावरचा वण तिसऱ्या अंकात उजव्या गालावर गेला होता. मालिकेत दुसऱ्या पर्वात मेलेला लोहार चौथ्या अंकात मजेत पेला उंचावत होता. शिरस्त्राणांना शिंगं होती, जी त्या लोकांनी कधी घातल्याचा पुरावा नाही. रश्श्यात बटाटे होते, जे युरोपात पोहोचायला अजून पाच-सहाशे वर्षं होती. जहाजाचं सुकाणू मागे मधोमध होतं. ते उजव्या कडेला हवं. आणि नॉर्वेच्या शेतात जुंपलेल्या बैलांना चांगलं डौलदार वशिंड होतं.

वशिंड सिराजचं. सिराज शेख हा स्टुडिओतला मुख्य चित्रकार, आयुष्याची पहिली वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. तो म्हणाला, “मॅडम, वशिंड काढलं तर बैल कसा उघडाबोडका दिसतो हो.” तरी त्याने ते पुसून टाकलं. त्याच्या हातात होतं तेवढं तो गुपचूप सुधारायचा. बाकी सगळी यादी दिग्विजयकडे जायची, तिथून परदेशी, आणि तिथून उत्तर यायचं: आहे तसं राहू द्या.

“अहो, निदान शिंगं तरी,” दीपमाला म्हणायची.

“शिंगं काढली तर डोकी दिसतील,” दिग्विजय म्हणायचा. “डोकी बघायला कोण पैसे देतंय, मॅडम?”

असं असूनही ती खूश होती, हे सांगितलं पाहिजे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला तिच्या ज्ञानासाठी खुर्ची दिली होती. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं असायचं: इतिहास सल्लागार, डॉ. दीपमाला खंडारे. तिने पहिला अंक गावी पाठवला. तिच्या वडिलांना, रंगरावांना, इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी तेवढी एक ओळ ओळखायला शिकून घेतली आणि आल्यागेल्याला ते पान उघडून दाखवू लागले.

त्याच ओळीने तिचा घात केला.

एका कॉलेजात इतिहासाच्या कायमच्या जागेची जाहिरात निघाली. अकरा वर्षांनी एक जागा! दीपमालाने अर्ज केला, मुलाखतीची तारीख आली, आणि तीन आठवडे उरले असताना रविवारच्या एका पुरवणीत कोणा विनोदी लेखकाने त्या कॉमिकची सालटी काढली. शिंगं, बटाटे, मेलेला लोहार, सगळं. शेवटी लिहिलं होतं, ‘या दिव्य संशोधनाच्या सल्लागार पुण्याच्याच आहेत, हे वाचून ऊर भरून आला.’ खाली तिचं पूर्ण नाव. सोमवारी वर्गात फळ्यावर बटाटा काढलेला होता. मुलं हसत नव्हती, हसू दाबत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. तिने ज्या चुका डोळे फोडून शोधल्या त्याच आता तिच्या नावावर जमा झाल्या. तिला जेवण जाईना. कात्रजच्या तिच्या खोलीत ती ते कात्रण पुन्हा पुन्हा वाचायची, जणू एखाद्या वेळी त्यातलं नाव बदललेलं असेल.

ती दिग्विजयकडे गेली. “मला एक पत्र द्या,” ती म्हणाली. “एवढंच लिहा की या चुका मी दाखवल्या होत्या.”

“मॅडम, करारात गोपनीयता आहे. आतलं बाहेर गेलं तर मालिका जाईल. इथे बावीस माणसं बसतात.”

“मग माझं नाव काढून टाका.”

“आधीच्या अंकांवरून कसं काढू? खोडरबर घेऊन घरोघर जाऊ?”

तिने हात जोडले. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने, बावीस माणसांच्या देखत, तिच्याहून दहा वर्षांनी लहान माणसापुढे हात जोडले. दिग्विजय वाईट माणूस नव्हता. त्याने मान फिरवली आणि फोन उचलला, ज्याची घंटा वाजलेली नव्हती.

जिन्यात सिराजने तिला गाठलं. त्याच्या हातात जाड पाकीट होतं. “सातही अंकांच्या तुमच्या याद्या आहेत. परदेशी पाठवल्याच्या तारखांसकट छापून घेतल्यात. कुठून मिळाल्या ते सांगू नका.”

“तुमची नोकरी जाईल, सिराजभाई.”

“पाट्या अजून रंगवता येतात मला,” तो म्हणाला आणि वर निघून गेला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ही काडी चांगली दोनशे बारा चुकांची होती.

मुलाखतीच्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत पाच जण बसले होते. त्यांत विषयतज्ज्ञ म्हणून डॉ. राजनंदिनी घोरपडे होत्या, मध्ययुगीन युरोपच्या अभ्यासक. त्यांच्यापुढे कॉमिकचे सातही अंक नीट रचून ठेवलेले होते. दीपमालाने ते लांबूनच ओळखले. पण तिने ठरवलं होतं तसं पहिल्याच प्रश्नाला पाकीट उघडलं आणि याद्या पुढे सरकवल्या.

घोरपडेबाईंनी वाचायला घेतलं. त्या पानं उलटत गेल्या तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. “सुकाणूचं तुम्ही बरोबर पकडलंत. वण, लोहार... अहो, ही यादी उत्तम आहे. हे सगळं तुम्ही छपाईच्या आधी कळवलं होतं?”

“हो मॅडम. तारखा आहेत.”

“मग तुमच्यावर अन्यायच झाला,” त्या म्हणाल्या. प्राचार्यांनीही मान हलवली. दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. मिळाली, तिला वाटलं. एवढ्या वर्षांनी मिळाली!

“फक्त एक सांगा.” घोरपडेबाईंनी सहावा अंक उघडला. नवव्या पानावर पूर्ण रुंदीचं एक चित्र होतं. गुडघाभर बर्फ पडलेला, मोठं लाकडी सभागृह, आत शेकोटी आणि सरदारांची बैठक. “या चित्रावर तुमची नोंद आहे. बुटांना धातूचं बक्कल दाखवलंय, चामड्याची वादी हवी. बरोबर?”

“हो मॅडम.”

“बूट बघितलेत म्हणजे.” त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. “मग ते दाराबाहेर बर्फात का काढून ठेवलेत, हे नाही बघितलंत?”

दीपमालाने पाहिलं. उंबऱ्याबाहेर बर्फात चौदा जोड ओळीने मांडलेले होते. लहान-मोठे, एक जोड घाईत तिरका काढलेला. आतली माणसं अनवाणी. सिराजने किती मन लावून काढले होते ते! त्या थंडीत ते बूट तासाभरात गोठून लाकूड झाले असते, हे शेंबडं पोरही सांगेल. तिने यादी चाळली. नोंद नव्हती. दोनशे बारामध्ये ही एक नव्हती.

“आपल्याकडे सत्यनारायणाला आलेले दिसतात,” प्राचार्य म्हणाले, आणि खोली हसली. घोरपडेबाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, “चित्रकाराने नंतर बदललं का?”

तिथे एक दार उघडं होतं. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. सिराज काही तपासायला येणार नव्हता.

“नाही मॅडम,” दीपमाला म्हणाली. “माझ्याकडे आलं तेव्हा असंच होतं. मी पाहिलं. मला त्यात चूक दिसली नाही. मला ते बरोबरच वाटलं.”

“बरोबर वाटलं?”

“हो.”

घोरपडेबाईंची नजर एकदा टेबलाच्या कडेवरून खाली गेली आणि लगेच वर आली. दीपमालानेही खाली पाहिलं. फरशीवर तिची अनवाणी पावलं होती. आत येताना तिने चपला दारात काढल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसांच्या खोलीत जायचं म्हणून आपोआप काढल्या गेल्या. टेबलापलीकडे पाच जणांच्या पायांत पाच जोड होते, पॉलिश केलेले.

“ठीक आहे. आम्ही कळवू,” प्राचार्य म्हणाले. कळवणार नव्हते, हे तिला त्या आवाजात कळलं.

बाहेर बाकावर इतर उमेदवार फाइली मांडीवर घेऊन बसले होते. दाराशी तिच्या चपला होत्या, त्या एकट्याच. ती खाली वाकली. पट्टा बक्कलात जाईना, डोळ्यांतल्या पाण्याने भोक दिसेना. तिथेच, सगळ्यांच्या पायांशी बसून, ती रडली. शिपायाने पुढचं नाव पुकारलं. एक तरुण उठला, त्याने शर्ट नीट खोचला, तिला वळसा घातला आणि बुटांसकट आत गेला.