पहिला फोटो रिकामा

शिंप्याच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून गेलं की फोटोवाल्यांचा स्टुडिओ लागायचा. गल्लीतली पोरं त्यांना गुडघेकाका म्हणायची, कारण समोर कुणीही बसो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हात गुडघ्यावर." त्यांच्या स्टुलावर बडी माणसंही बसून गेली होती. एक न्यायाधीश होते, दर फोटोआधी मिशांवरून कंगवा फिरवायचे. एक पहिलवान होता, आखाड्यात कुणाच्या बापाला न भिणारा, पण कॅमेरा समोर आला की डोळे गच्च मिटून घ्यायचा.

अशांसाठी फोटोवाल्यांनी आपल्या मामांकडून एक युक्ती उचलली होती. कॅमेरा जुना, लाकडी खोक्याचा. मागे फिल्मची चौकट बसवायची, आणि तिच्यावरची काळी पट्टी वर ओढली तरच फिल्मवर उजेड पडायचा. पहिल्या फोटोला ते पट्टी ओढायचेच नाहीत. नुसतं खट्ट. सुटलो एकदाचा, असं वाटून माणूस सैल व्हायचा, आणि मग खरा फोटो. या युक्तीनं त्यांना कधी दगा दिला नव्हता.

एके दिवशी एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आली. नोकरीसाठी परदेशी चालली होती, कायमचीच म्हणा ना.

"काका, घरात बाबांचा एकही हसरा फोटो नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा पोलिसांनी पकडून आणल्यासारखे उभे आहेत. मला तिकडे भिंतीवर हसणारे बाबा हवेत."

बाबा एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होते, आता निवृत्त. ते स्टुलावर बसले, बूड जरा इकडेतिकडे केलं आणि म्हणाले, "अगदी माझ्या लिफ्टमधलंच स्टूल हो! बोला साहेब, कितवा मजला?"

लेक फिस्सकन हसली. ती हसली म्हणून बाबाही हसले, तोंडावर हात धरून, खांदे गदगदवत. खट्ट.

आणि तो पहिला फोटो होता.

फोटोवाल्यांनी घाईघाईनं पट्टी ओढली. "हां, तसंच! हात फक्त गुडघ्यावर."

हात गुडघ्यावर गेले आणि हसू कुठल्या कुठे. पुढच्या सगळ्या फोटोंत बाबा पुन्हा पोलिसांनी पकडलेले.

निघताना लेक म्हणाली, "तो पहिलाच मोठा करा हं काका. परवा निघायचंय मला."

"छानच येणार तो," फोटोवाले बोलून गेले.

मग मात्र त्यांना एका जागी बसवेना. पडदा सरळ केला, पुन्हा वाकडा केला. खिडकीशी गेले, परत आले, कॅमेऱ्याची काच पुसू लागले. समोरच्या गिऱ्हाइकाला "हात गुडघ्यावर" सांगायचंही विसरले. गल्ल्यावर बसलेली बायको बराच वेळ बघत होती.

"अहो, ती काच किती पुसाल? झिजेल ती. तुम्हाला तळमळायला कारण लागत नाही, पण आज सापडलेलं दिसतंय."

त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मग जा की त्यांच्या घरी. कॅमेरा घेऊन जा."

"आणि काय सांगू?"

"जिना चढता चढता सुचेल."

बाबांच्या घरचा जिना भरपूर होता, पण सुचलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी खांद्यावर स्टँड आणि हातात खोकं घेऊन ते वर पोचले तेव्हा धाप लागली होती. दार बाबांनीच उघडलं.

"जन्मभर लोकांना बसल्या जागी वर नेलं," ते म्हणाले, "आणि मला घर मिळालं ते बिनलिफ्टचं. या, पाणी घ्या."

लेक आत बॅगा भरत होती. "उजेड जरा कमी पडला होता," असं काहीतरी पुटपुटत फोटोवाल्यांनी खिडकीपाशी खुर्ची मांडली. बाबा बसले, आणि कुणी न सांगताच त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले.

"असू दे हात कुठेही," फोटोवाले म्हणाले.

"छे, छे. तुम्हीच शिकवलंत."

"बाबा, कितवा मजला?" लेकीनं आतून विचारलं. पण शिळ्या विनोदाला बाबांच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. बाहेर ऊन सरकत होतं. शेवटी फोटोवाल्यांनाच असह्य झालं.

"खरं सांगू का? कालचा तो फोटो आलाच नाही. पहिला फोटो मी काढतच नाही. नुसता आवाज करतो, माणूस सैल व्हावा म्हणून."

आत बॅगेची चेन सरकता सरकता थांबली. बाबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"म्हणजे मी फुकट हसलो?"

"हो."

"सगळ्यांना असंच बनवता? त्या तुमच्या स्टुडिओच्या भिंतीवरच्या न्यायाधीशांनासुद्धा?"

"त्यांना दोनदा. मिशा बसत नव्हत्या."

बाबांचा हात तोंडावर गेला, खांदे गदगदू लागले. खट्ट.

फोटोवाल्यांनी खाली पाहिलं तर पट्टी आत होती. सवयीच्या हातानं फोटोनंतर ढकलली, की मुळात ओढलीच नव्हती? काही केल्या आठवेना. पुन्हा काढू म्हणावं, तर बाबा डोळे पुसून, हात गुडघ्यावर ठेवून ताठ बसले होते.

स्टुडिओत परतेपर्यंत त्यांनी तो क्षण शंभरदा मनात घोळवला. कधी पट्टी वर दिसे, कधी खाली. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन झाली तरी दिवा लावायची हिंमत होईना. दारावर बायकोची थाप पडली.

"आत झोपलात की काय?"

त्यांनी दिवा लावला. फिल्मवर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालेलं, पण एक माणूस होता. खांदे हलल्यामुळे पुसट, आणि तोंडावर आडवा हात.

लेक फोटो न्यायला आली तेव्हा फोटोवाले आधीच बोलू लागले, "हलला आहे जरा. आणि हात मध्ये आल्यामुळे तोंड काही..."

"अहो काका, असेच तर हसतात ते!" असं म्हणताना तिचाही हात तोंडावर गेला आणि खांदे गदगदू लागले. थेट बाबा.

फोटोवाले कॅमेरा आणायला धडपडत आतल्या खोलीकडे धावले. कॅमेऱ्यात फिल्म नव्हती.